मतदाराच्या म्हणण्याला रकाना हवा

गेल्या अंकात ‘राजकीय पक्ष तुमच्याशी कसे बोलतात?’ या विषयावर प्रश्न मागवले होते. पत्रं पुष्कळ आली. त्यांतली सहा इथे घेतली आहेत. नावं छापलेली नाहीत. माझी ओळख एवढीच, की एका पक्षाच्या प्रचार कार्यालयात मी बरीच वर्षं मतदार याद्यांचं आणि गाठीभेटींच्या नोंदींचं काम केलं. आता मी कोणत्याच पक्षात नाही. जो पक्ष बोलावेल त्याच्या कार्यकर्त्यांना लोकांशी बोलायला आणि त्याहून जास्त, त्यांचं ऐकायला शिकवते.

प्रश्न : ताई, मी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि मनापासून एका पक्षाचं काम करतो. निवडणूक जवळ आली की आमच्या हातात याद्या देऊन घरोघरी पाठवतात. कितीतरी दारांना कुलूप असतं, उरलेले लोक ‘पत्रक ठेवून जा’ म्हणून दार लावतात. तोच मजकूर मोबाइलवरून एका क्षणात हजारोंना जातो. मग या पायपिटीचा खरंच उपयोग होतो, की ही नुसती जुनी सवय आहे?

उत्तर : उपयोग होतो. पण तू दार कशासाठी वाजवतोस, त्यावर तो किती होणार हे ठरतं.

तुझा प्रश्न शंभर वर्षांपासून अभ्यासकांना पडलेला आहे. १९२४ मध्ये हॅरॉल्ड गॉस्नेल या राज्यशास्त्रज्ञाने शिकागोत काही मतदारांना ‘मतदान करा’ अशी पत्रं टपालाने पाठवली, काहींना मुद्दाम पाठवली नाहीत आणि दोन्हीकडचं मतदान ताडून पाहिलं. पत्र मिळालेल्यांनी थोडं जास्त मतदान केलं होतं. पुढे १९९८ मध्ये येल विद्यापीठाच्या अ‍ॅलन गर्बर आणि डोनाल्ड ग्रीन यांनी न्यू हेवन शहरात सुमारे ३०,००० मतदारांवर मोठा प्रयोग केला. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे मतदार वाटून घेतले. काहींच्या घरी माणूस गेला, काहींना पत्र गेलं, काहींना फोन गेला आणि काहींना काहीच नाही. ज्यांच्याशी माणसाने समोर उभं राहून बोलणं केलं, त्यांचं मतदान आठ-नऊ टक्क्यांनी वाढलं. पत्राने किंचित फरक पडला. फोनने काहीच नाही. तेव्हा मतदाराला केंद्रापर्यंत आणायचं असेल तर तुझी पायपीट वाया जात नाही. तिथे तिला तोड नाही.

मत बदलणं मात्र वेगळं काम आहे. जोशुआ काला आणि डेव्हिड ब्रूकमन या दोघांनी अमेरिकेतल्या निवडणुकांमधले ४९ प्रत्यक्ष प्रयोग एकत्र तपासून २०१८ मध्ये निष्कर्ष मांडला. सार्वत्रिक निवडणुकीत पत्रकं, फोन, भेटी यांनी ‘अमक्याऐवजी तमक्याला मत’ असा बदल सरासरीने जवळजवळ शून्य होतो. हे सांगितलं की माझ्या वर्गातले कार्यकर्ते हिरमुसतात. पण त्याच दोघांचा एक आधीचा अभ्यास आहे, तो मी प्रत्येक वर्गात आवर्जून सांगते.

झालं असं, की एका संशोधन लेखात दावा केला होता, की दारावरच्या एका संभाषणाने लोकांचे जुने पूर्वग्रह कायमचे बदलतात. त्याची भरपूर चर्चा झाली. २०१५ मध्ये उघड झालं, की त्यातली आकडेवारी विश्वासार्ह नव्हती, आणि लेख मागे घेतला गेला. ते उघडकीला आणणाऱ्यांमध्ये हे दोघे होते. एवढ्यावर ते थांबले नाहीत. मायामीत त्यांनी स्वतः खरा प्रयोग केला. पारलिंगी लोकांविषयीच्या पूर्वग्रहांवर कार्यकर्ते दारात उभे राहून दहाएक मिनिटं बोलले. बोलले म्हणजे काय, तर त्यांनी विचारलं. ‘तुम्हाला कधी कुणी वेगळं म्हणून दूर लोटलं होतं का?’ अशा धर्तीचे प्रश्न. समोरच्याने सांगितलेलं न टोकता ऐकलं आणि मग स्वतःचाही अनुभव सांगितला. त्या संभाषणाचा परिणाम तीन महिन्यांनीही टिकून होता. २०१६ मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला. नंतरच्या प्रयोगांत त्यांनी अनुभवांची ही देवाणघेवाण काढून टाकली आणि फक्त मुद्दे मांडायला लावले, तेव्हा परिणाम नाहीसा झाला. मुद्दे तेच, दार तेच, पण ऐकणं काढलं तर हातात काही उरत नाही.

आता तुझ्या हातातल्या यादीकडे बघ. मी कामाला लागले तेव्हा आमच्या तक्त्यात नाव, घर क्रमांक, वय आणि एक आकडा एवढंच होतं. १ म्हणजे पक्का आपला, ५ म्हणजे पक्का विरोधक, ३ म्हणजे कुंपणावरचा. एखादी बाई पंधरा मिनिटं मुलाच्या अडकलेल्या शिष्यवृत्तीबद्दल तळमळून बोलायची आणि आमच्या तक्त्यात ‘३’ होऊन बसायची. संध्याकाळी कार्यालयात आकड्यांची बेरीज व्हायची, तिचं म्हणणं दारातच राहायचं. मला हे सहन होईना. मी तक्त्याला एक रुंद रकाना जोडायला लावला : ‘मतदार काय म्हणाला, त्याच्याच शब्दांत.’ आणि रोज संध्याकाळी उमेदवारासमोर त्यातल्या नोंदी मोठ्याने वाचायच्या, हा नियम करून घेतला. पहिल्या आठवड्यातच एकाच भागातल्या कितीतरी म्हाताऱ्या माणसांनी सांगितलं होतं, की मतदान केंद्र वरच्या मजल्यावर आहे आणि आम्ही चढू शकत नाही. उमेदवाराला याची गंधवार्ता नव्हती. त्याने निवडणूक अधिकाऱ्यांकडे रीतसर अर्ज केला आणि केंद्र तळमजल्यावर आलं. त्या दुरुस्तीसाठी एक ओळ लिहून घेणारा माणूस पुरला.

म्हणून माझा आग्रह आहे : दारात गेल्यावर पत्रक पुढे करू नकोस. आधी विचार, ‘या भागात तुम्हाला सगळ्यात जास्त काय नडतं?’ आणि मग गप्प राहा. लोक लगेच बोलत नाहीत, चार-पाच सेकंद जातात. कार्यकर्त्याला ती शांतता जड जाते आणि तो घोषणा द्यायला लागतो. ते टाळ. त्यांचं वाक्य त्यांच्यासमोर लिही. ज्याचं उत्तर ठाऊक नाही ते ‘विचारून सांगतो’ म्हण, आणि खरोखर परत जाऊन सांग. परत जाणारा कार्यकर्ता लोकांना इतका विरळा दिसतो, की त्याचं नाव त्यांच्या लक्षात राहतं.

जाता जाता एक. जपानमध्ये घरोघरी जाऊन मतं मागायला १९२५ पासून कायद्याने बंदी आहे. घराच्या आडोशाला लाच दिली जाईल, ही त्यामागची भीती. त्यामुळे तिथले उमेदवार रेल्वे स्थानकांबाहेर उभे राहून भाषणं करतात आणि ध्वनिवर्धक लावलेल्या गाड्या फिरवतात. मला ती बंदी पटत नाही. लाच पकडायला कडक कायदा जरूर हवा, पण सामान्य माणूस आणि पक्ष समोरासमोर येण्याची जी एक जागा आहे, ती बंद करून लोकशाहीला काय मिळतं?

प्रश्न : आमच्या वसाहतीत बहुतेक लोक भाड्याने राहणारे, कामानिमित्त आलेले. कितीतरी निवडणुका झाल्या, एकाही पक्षाचा माणूस इकडे फिरकलेला नाही. शेजारच्या भागात मात्र तिन्ही पक्षांच्या फेऱ्या चालू असतात. आम्ही माणसं नाही का?

उत्तर : तुमचा राग रास्त आहे. हे कसं घडतं ते मी आतून पाहिलेलं आहे, म्हणून सरळ सांगते.

प्रचार कार्यालयात वेळ आणि माणसं कायम अपुरी असतात. मग यादी गाळली जाते. पहिली गाळणी : गेल्या वेळी कोणत्या केंद्रावर किती मतदान झालं? जिथे कमी, तिथे जायचं नाही. दुसरी गाळणी : कोणत्या भागात आपले लोक आहेत आणि कुठे पारडं कुठेही झुकू शकतं? जिथे निकाल ठरल्यासारखा वाटतो, तिथेही जायचं नाही. तिसरी गाळणी म्हणजे पत्ता बदललेले, भाड्याचे, नव्याने नाव नोंदवलेले. ते यादीत सापडत नाहीत म्हणून वगळले जातात. या तिन्हींतून जो उरतो, त्याच्याच दारी सगळे पक्ष जातात. तुमच्याकडे कोणी आलं नाही म्हणून तुमच्या वसाहतीत मतदान कमी झालं, आणि मतदान कमी झालं म्हणून पुढच्या वेळी कोणी आलं नाही. हे चक्र कोणी दुष्टपणाने फिरवत नाही. पण त्याचा परिणाम दुष्टपणाइतकाच वाईट होतो, कारण निवडून आल्यावरही त्याच गाळलेल्या यादीतल्या लोकांच्या अडचणी नेत्यांना माहीत असतात.

नियम बदलले की पक्षांचं वागणं बदलतं, याचा धडधडीत पुरावा ऑस्ट्रेलियात आहे. तिथे १९२४ मध्ये मतदान सक्तीचं झालं. १९२२ च्या निवडणुकीत मतदान ६० टक्क्यांच्याही खाली होतं, १९२५ मध्ये ते ९१ टक्क्यांवर गेलं. मतदान न करणारी वस्ती म्हणून एखादा भाग वगळण्याची सोयच तिथल्या पक्षांना उरली नाही.

सक्ती तुमच्या हातात नाही, पण ही गाळणी उलटी फिरवणं थोडंफार आहे. सगळ्यात आधी वसाहतीतल्या प्रत्येकाचं नाव सध्याच्या पत्त्यावर यादीत आहे का ते पाहा. नसेल तर मुदतीच्या आत नोंदवून घ्या. दहा-बारा जणांनी हे काम वाटून घेतलं तर होतं. मग सगळ्या उमेदवारांना एकाच मजकुराचं, एकाच तारखेचं पत्र द्या : ‘या वसाहतीत अमुक इतके नोंदवलेले मतदार आहेत, आम्ही अमुक दिवशी जमणार आहोत, तुम्ही या आणि आमच्या या चार प्रश्नांची उत्तरं द्या.’ नोंदवलेल्या मतदारांचा आकडा पत्रात ठळक लिहा. कार्यालयातला माणूस आधी तो आकडा वाचतो, हे मी खात्रीने सांगते. प्रश्न सगळ्यांना तेच ठेवा आणि कोण आलं, कोण नाही, कोण काय म्हणालं हे लिहून सगळ्यांना वाटा. जो आला नाही, त्याची खुर्ची रिकामी ठेवून पुढचं सुरू करा. कोणा एका पक्षाच्या पदाधिकाऱ्याच्या हाती मात्र ही बैठक देऊ नका, नाहीतर बाकीचे येणार नाहीत.

प्रश्न : मला मोबाइलवर एका पक्षाचा संदेश आला. त्यात माझं नाव होतं आणि माझा मुलगा नोकरी शोधतो आहे, हे ठाऊक असल्यासारखा मजकूर होता. माझ्या बहिणीला त्याच पक्षाचा, पण अगदी वेगळा संदेश आला, निवृत्तिवेतनाचा. यांना हे कळतं कसं? आणि हे योग्य आहे का?

उत्तर : कळण्याच्या वाटा अनेक आहेत आणि त्यांतल्या बऱ्याच सरळ आहेत. अनेक देशांत मतदार यादी पक्षांना मिळते. तिच्यात नाव, पत्ता, बऱ्याच ठिकाणी वय किंवा जन्मतारीख असते. एका घरात साठीची बाई आणि पंचविशीचा मुलगा दिसला, की उरलेलं अंदाजाने जुळवता येतं. त्यावर दारावरच्या नोंदी, तुम्ही कधी भरलेलं सर्वेक्षण, एखाद्या मोहिमेला दिलेला फोन क्रमांक, आणि विकत घेतलेली ग्राहकांची माहिती यांची भर पडते. प्रत्येक तुकडा एकटा निरुपद्रवी वाटतो, शेजारी शेजारी ठेवले की चेहरा दिसतो.

वाकडी वाट कशी असते ते २०१८ मध्ये जगाने पाहिलं. फेसबुकवर एक व्यक्तिमत्त्व चाचणी होती. ती सोडवणाऱ्यांचीच नव्हे, त्यांच्या मित्रयादीतल्या लोकांचीही माहिती तिच्यातून ओढली गेली आणि केंब्रिज अ‍ॅनालिटिका या राजकीय सल्लागार कंपनीच्या हाती लागली. अशा खात्यांची संख्या ८ कोटी ७० लाखांपर्यंत असू शकते, असं फेसबुकनेच सांगितलं. त्या माहितीने किती मतं फिरली यावर अभ्यासकांचं एकमत नाही. माझ्या मते मतं फिरली की नाही हा मुद्दा नंतरचा. विचारल्याशिवाय घेतली, हेच पुरेसं वाईट आहे.

आता ‘योग्य आहे का’ याबद्दल. पक्षाला माझं नाव ठाऊक आहे याचा मला त्रास होत नाही. निवृत्त माणसाशी निवृत्तिवेतनाबद्दल बोलावं, तरुणाशी नोकरीबद्दल, यातही गैर नाही. चांगला कार्यकर्ता दारातही तेच करतो. मला काळजी वाटते ती तुम्हा बहिणींना आलेल्या दोन संदेशांमधल्या फटीची. जाहीर सभेत उमेदवार बोलतो ते शेतकरीही ऐकतो, व्यापारीही ऐकतो. एकाला दिलेलं वचन दुसऱ्याच्या मुळावर येत असेल तर तिथल्या तिथे कोणीतरी उठून विचारू शकतो. मोबाइलवर आलेलं वचन शेजाऱ्यालाही दिसत नाही. कर कमी करू असं एकाच्या कानात आणि खर्च वाढवू असं दुसऱ्याच्या कानात सांगितलं, तर ही दोन वाक्यं एकत्र ठेवून जाब विचारणारा कोणी उरत नाही.

भारतात छापील पत्रकावर मुद्रक आणि प्रकाशक यांचं नाव-पत्ता देणं १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यानुसार बंधनकारक आहे. मोबाइलवरच्या प्रत्येक राजकीय संदेशालाही जगात सगळीकडे तोच न्याय लागायला हवा. युरोपीय संघाने ते पाऊल टाकलं. ऑक्टोबर २०२५ पासून तिथे राजकीय जाहिरातीवर पैसे कोणी दिले, ती कोणत्या निवडणुकीसाठी आहे आणि ठरावीक लोकांनाच निवडून दाखवली का, हे सांगावं लागतं. त्यावर गूगल आणि मेटा या कंपन्यांनी युरोपीय संघात राजकीय जाहिराती घेणंच थांबवलं. यात लहान पक्षांचं नुकसान होतं, ही तक्रार मला खरी वाटते. तरीही कोणी पैसे दिले हे लपवून चालणाऱ्या जाहिरातींपेक्षा मला हे पत्करेल.

तुम्ही एक कराच : दोन्ही संदेश शेजारी ठेवून पक्षाच्या कार्यालयाला पाठवा आणि विचारा, ‘ही दोन्ही वचनं तुमच्या जाहीरनाम्यात कोणत्या पानावर आहेत?’ पानच नसेल तर तो संदेश पक्षाला बांधील मानायचं कारण नाही.

प्रश्न : मी सत्तरी ओलांडलेला शिक्षक. पूर्वी नेते तासतासभर बोलत, विचार मांडत. आता दोन वाक्यं आणि टाळ्या. हा माझ्या वयाचा दोष, की खरंच काही बदललं आहे?

उत्तर : गुरुजी, खरंच बदललं आहे, आणि ते मोजलेलंही आहे. अमेरिकेत दूरचित्रवाणीच्या बातम्यांमध्ये अध्यक्षपदाच्या उमेदवाराला सलग बोलताना किती वेळ दाखवतात, हे अभ्यासकांनी घड्याळ लावून पाहिलं. १९६८ मध्ये ते सरासरी ४० सेकंदांहून जास्त होतं, १९८८ मध्ये १० सेकंदांच्या आत आलं. उरलेल्या वेळात पत्रकारच उमेदवाराबद्दल बोलत होते. दहा सेकंदांत धोरण सांगता येत नाही, शेरा मारता येतो. म्हणून नेते शेरे मारायला शिकले. त्यानंतर आलेल्या माध्यमांनी तीच सवय पुढे नेली.

त्याच्या उलट टोकाला ब्रिटनचे माजी पंतप्रधान ग्लॅडस्टन. १८७९ मध्ये मिडलोथियन मतदारसंघात ते हजारोंच्या सभांपुढे परराष्ट्र धोरण आणि सरकारी जमाखर्च यांवर लांबलचक बोलले, आणि वर्तमानपत्रांनी ती भाषणं रकानेच्या रकाने भरून छापली. दूरच्या गावचा माणूसही ती सावकाश वाचू शकला. पण गुरुजी, तेव्हा ऐकणाऱ्यांपैकी कितीतरी पुरुषांना आणि एकाही स्त्रीला संसदेच्या निवडणुकीत मत नव्हतं. तो काळ जसाच्या तसा परत यावा असं मला वाटत नाही. भाषण पूर्ण छापण्याची आणि पूर्ण वाचण्याची रीत तेवढी यावी.

प्रश्न : जाहीरनामे वाचण्यात अर्थ आहे का? निवडून आल्यावर कोण विचारतं?

उत्तर : अर्थ आहे, आणि लोकांना वाटतो त्यापेक्षा जास्त आहे. १२ देशांतल्या ५७ निवडणुकांमधली २०,००० हून अधिक वचनं अभ्यासकांच्या एका गटाने एकेक करून तपासली. २०१७ मध्ये निष्कर्ष आले. सत्तेत आलेले पक्ष, विशेषतः एकट्याच्या बळावर आलेले, आपल्या वचनांपैकी मोठा भाग पूर्ण किंवा निदान अंशतः तरी पाळतात. आघाडी असेल तर प्रमाण घसरतं, कारण वचनं वाटाघाटीत अडकतात. तेव्हा ‘सगळे खोटं बोलतात’ म्हणून जाहीरनामा बाजूला टाकणं म्हणजे पक्षाला फुकटची सूट देणं.

वाचताना क्रियापदावर बोट ठेवा. ‘प्रयत्नशील राहू’, ‘चालना देऊ’, ‘कटिबद्ध आहोत’, ‘सर्वंकष विचार करू’ अशी वाक्यं पेन्सिलने सरळ खोडा. ती पाळली की मोडली हे पाच वर्षांनी कोणालाच ठरवता येणार नाही. काय, किती, कधीपर्यंत आणि पैसा कुठून, यांतल्या दोनांची तरी उत्तरं असलेली वाक्यं वेगळी लिहून काढा. चाळीस पानांच्या जाहीरनाम्यात अशी वाक्यं एका कागदावर मावतात. तो कागद जपून ठेवा आणि पुढच्या निवडणुकीत दारात येणाऱ्याच्या हातात द्या. मी पाहिलं आहे, तो कागद पाहून कार्यकर्ता आधी गडबडतो, मग कार्यालयात येऊन आम्हाला विचारतो, ‘याचं काय झालं?’ पक्षाच्या आत प्रश्न पोचवायला आपल्याच कार्यकर्त्यासारखा दूत नाही.

प्रश्न : नेत्याच्या आवाजातला फोन येतो, आपल्या नावाने बोलतो. खरा कसा ओळखायचा? आणि आम्ही नेत्यांना पत्रं लिहितो, ती कोणी वाचतं का?

उत्तर : आवाजावरून आता ओळखता येत नाही, त्या नादाला लागू नका. जानेवारी २०२४ मध्ये अमेरिकेच्या न्यू हॅम्पशायर राज्यात पक्षांतर्गत निवडणुकीच्या तोंडावर अध्यक्ष बायडन यांच्या नकली आवाजात मतदारांना फोन गेले, ‘या वेळी मत देऊ नका, नोव्हेंबरच्या निवडणुकीसाठी राखून ठेवा’ असे. फेब्रुवारीत अमेरिकेच्या केंद्रीय दूरसंचार आयोगाने स्पष्ट केलं, की यंत्राने बनवलेल्या आवाजातले असे फोन आधीच्याच कायद्याने बेकायदा ठरतात. तेव्हा आवाज सोडा, मजकूर धरा. फोनने मतदानाची तारीख, वेळ, केंद्र किंवा ‘यायची गरज नाही’ असं काही सांगितलं, तर ते निवडणूक आयोगाकडूनच पडताळा. बाकी कशासाठीही, कोणाच्याही आवाजावर विसंबू नका.

पत्रांचं विचारलंत, तर बहुतेक वेळा नेत्याच्या आधी त्याच्या कार्यालयातला सहायक ती वाचतो, गठ्ठे करतो आणि कोणत्या विषयाची किती आली ते वर सांगतो. पण वर पोचलेल्या माहितीने फरक पडतो. २००८ मध्ये न्यू मेक्सिको राज्याच्या विधिमंडळात एका प्रस्तावावर मतदान व्हायचं होतं. डॅनियल बटलर आणि डेव्हिड निकरसन यांनी मतदारांचं मत घेतलं आणि काही आमदारांना त्यांच्याच मतदारसंघाचे आकडे पोचवले, काहींना नाही. ज्यांना आकडे मिळाले, त्यांनी आपल्या मतदारांच्या कलाप्रमाणे मत देण्याचं प्रमाण जास्त निघालं. त्यांचे मतदार काय म्हणतात, हे बाकीच्यांपर्यंत कोणी नेलंच नव्हतं.

म्हणून लिहाच, फक्त असं लिहा की सहायकाला ते बाजूला टाकता येऊ नये. एका पत्रात एकच विषय. पहिल्या दोन ओळींत तुम्ही त्याच मतदारसंघाचे आहात हे आणि तुमची मागणी. तुमच्यावर काय गुदरलं ते तुमच्या शब्दांत, छापील नमुना नको, कारण एकसारख्या पत्रांच्या गठ्ठ्याकडे सहसा कमी लक्ष दिलं जातं. शेवटी उत्तर कधीपर्यंत हवं ती तारीख. पोच घ्या. तारीख उलटली तर पोचेची प्रत जोडून तेच पत्र पुन्हा पाठवा, आणि या वेळी एक प्रत विरोधी पक्षाच्या स्थानिक कार्यालयालाही द्या.